मर्दानी खेळ

मर्दानी खेळ : महाराष्ट्रातील पारंपरिक शस्त्रकौशल्याच्या विविध प्रकारांना मिळून रूढ झालेले नाव. लाठी, दांडपट्टा, फरीगदगा, तलवार व ढाल, भाला, विटा, बोथाटी, बनेटी, माडू, जांबिया इत्यादींचे हात, त्यांना लागणारी पावले व शरीराची तयारी आणि निःशस्त्र माणसाने सशस्त्र माणसावर मात करण्याचे बिनोटासारखे डाव यांचा त्यात अंतर्भाव होतो. कोल्हापूर हे या विद्येचे आजचे प्रमुख केंद्र असून पुणे, सातारा, सांगली या भागांतही तिचे वस्ताद व पथके आढळतात. ‘खेळ’ हा शब्द येथे काहीसा फसवा आहे. ज्या हालचाली आज शिवजयंतीच्या मिरवणुकीत हलगीच्या ठेक्यावर पाहावयास मिळतात, त्या मुळात शत्रूस मारण्यासाठी व स्वतः न मरण्यासाठी बसविलेल्या होत्या. तो प्रसंगच जेव्हा नाहीसा झाला, तेव्हा ही विद्या कशाच्या आधाराने टिकली आणि टिकताना तिच्यातले काय गळून पडले, हा तिच्या इतिहासातील मध्यवर्ती प्रश्न होय.

या विद्येविषयीचा एक जुना व भरवशाचा पुरावा मराठी भाषेतच सापडतो. ‘तालीम’ हा शब्द मूळ अरबी असून त्याचा अर्थ शिक्षण, ‘वस्ताद’ हे फार्सी ‘उस्ताद’चे मराठी रूप, ‘मर्दानी’ व ‘पेच’ हेही फार्सीतून आलेले. उलट ‘पट्टा’ या शस्त्रनामाचा संबंध संस्कृत ‘पट्टिश’ या शब्दाशी लावला जातो. बहमनी काळापासून दख्खनच्या सुलतानांच्या पदरी राहिलेल्या मराठा सरदारांच्या व शिलेदारांच्या फौजांत देशी व परदेशी शस्त्रपरंपरा एकमेकींत मिसळल्या, याचीच ही खूण आहे. पट्टा फिरविण्यात जो निष्णात तो ‘पटाईत’. पुढे कोणत्याही कामात तरबेज असणाऱ्यास हा शब्द लावला जाऊ लागला. पवित्रा बदलणे, हूल देणे, पेचात पकडणे, तालमीत तयार होणे हे वाक्प्रचार असेच आखाड्यातून घरात आले. नाटकाच्या सरावालाही मराठी माणूस तालीमच म्हणतो. भांडखोर व्यक्तीच्या तोंडाचा पट्टा सुटतो असे आपण म्हणतो, तेव्हा पट्ट्याचे न थांबता फिरणारे पाते ज्यांनी प्रत्यक्ष पाहिले होते, अशा पिढ्यांची नजर त्या शब्दांत शिल्लक असते.

इतिहास : कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर (कारकीर्द ११२६–३८) याच्या नावावर असलेल्या मानसोल्लास या संस्कृत ग्रंथात राजाच्या विनोदांचे, म्हणजे करमणुकीच्या प्रकारांचे, वर्णन आहे. त्यांत शस्त्रविनोद, आखाड्यातील द्वंद्वांचा अंकविनोद व मल्लविनोद अशी प्रकरणे असून मल्लांचे वर्ग, त्यांचा आहार व व्यायाम यांची माहिती दिलेली आहे. दख्खनमध्ये शस्त्रांचे व मल्लविद्येचे पद्धतशीर शिक्षण बाराव्या शतकात होते, एवढे त्यावरून निश्चित म्हणता येते. आजच्या मर्दानी खेळांची परंपरा मात्र तेथपर्यंत अखंड नेणे धाडसाचे ठरेल. मधल्या दुव्यांचा पुरावा तुटक आहे.

शिवकाळात व त्यानंतर मराठी फौजेत लाठी, पट्टा, भाला ही शस्त्रे सर्रास वापरात होती. प्रतापगडच्या भेटीच्या वेळी (१० नोव्हेंबर १६५९) अफझलखानाचा अंगरक्षक सय्यद बंडा पट्ट्याचा वार करण्यास धावला असता जिवा महालाने त्याचा हात तोडला, ही हकीकत बखरींमुळे घरोघर पोहोचली आहे. पट्टा हे तेव्हा केवळ मराठ्यांचे शस्त्र नव्हते, हे तीवरून दिसते. शिपाईगिरीचा व्यवसायही एका जातीपुरता मर्यादित नव्हता. मराठा व कुणबी यांच्याबरोबरच महार, मातंग, रामोशी, बेरड, कोळी इ. समाजांतील माणसे किल्ल्यांवर, चौक्यांवर व फौजेत नोकरीस असत. त्यामुळे शस्त्र चालविण्याचे ज्ञान गावोगाव पसरलेले होते. शेतीची कामे उरकली की दसऱ्याला मोहिमेवर निघावयाचे, हा त्या काळचा परिपाठ. खंडेनवमीची शस्त्रपूजा त्याच वार्षिक चक्राचा भाग होय. उत्तर पेशवाईत दुसऱ्या बाजीरावाच्या आश्रयास असलेले बाळंभट्टदादा देवधर यांनी मल्लखांबाचे पुनरुज्जीवन केले. कुस्ती, मल्लखांब व शस्त्रांचे हात हे तेव्हा एकाच तालमीच्या छताखाली चालत.

१८१८ मध्ये पेशवाई संपली. फौजा मोडल्या आणि किल्ल्यांवरील शिबंदीची गरज उरली नाही. कोल्हापूर संस्थानात १८४४ मध्ये गडकऱ्यांनी उठाव केला. तो मोडून काढण्यात आल्यावर पिढीजात गडकऱ्यांची व्यवस्थाही संपुष्टात आली. पुढे १८७८ च्या शस्त्रविषयक कायद्याने ब्रिटिश मुलखात परवान्याशिवाय हत्यार बाळगणे गुन्हा ठरले. तलवारी देव्हाऱ्यात वा माळ्यावर गेल्या. तालीम मात्र उरली, कारण लाकडी काठीला व मातीच्या हौद्याला परवाना लागत नव्हता. मर्दानी खेळांना ‘खेळ’ हे रूप बऱ्याच अंशी या परिस्थितीने दिले, असे दिसते.

या संक्रमणकाळातील ठळक व्यक्ती म्हणजे लहुजी वस्ताद साळवे (१७९४–१८८१). मातंग समाजात जन्मलेल्या लहुजींनी पुण्यात तालीम चालविली. जोतीराव फुले (१८२७–९०) यांनी त्यांच्याकडे दांडपट्टा व नेमबाजी यांचे शिक्षण घेतल्याचे चरित्रकार नमूद करतात. वासुदेव बळवंत फडके (१८४५–८३) यांचाही त्यांच्याशी संबंध जोडला जातो. ज्या काळी पाठशाळेचे दार जातीनुसार उघडत वा मिटत असे, त्या काळी मातंग वस्तादाच्या तालमीत इतर जातींचे तरुण शिष्य म्हणून उभे राहत होते, ही गोष्ट शस्त्रविद्येच्या इतिहासाइतकीच सामाजिक इतिहासाच्या दृष्टीनेही महत्त्वाची आहे. मर्दानी खेळांवरील गौरवपर लेखनात तिची दखल पुरेशी घेतली गेलेली नाही.

संस्थानी मुलखात परिस्थिती तुलनेने अनुकूल राहिली. कोल्हापूरचे राजर्षी शाहू महाराज (१८७४–१९२२) यांनी कुस्तीला दिलेला आश्रय सर्वश्रुत आहे. खासबागचे कुस्ती मैदान १९१२ मध्ये पूर्ण झाले. शहराच्या पेठापेठांतून तालमी उभ्या होत्या आणि कुस्तीच्या सावलीत शस्त्रांचे हातही जगले. बडोद्यात जुम्मादादा व्यायाममंदिराच्या द्वारे प्रो. माणिकराव यांनी लाठी व तत्सम प्रकारांना सांघिक कवायतीचे रूप देऊन त्यांसाठी देशी भाषेतील आज्ञा बसविल्या. अमरावतीचे श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ मध्ये स्थापन झाले. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी त्याच्या पथकाने भारतीय व्यायामप्रकारांची प्रात्यक्षिके तेथे दाखविली. बडोद्याहूनच दत्तात्रय चिंतामण मुजुमदार यांनी संपादिलेला दहा खंडांचा व्यायामज्ञानकोश (१९३६–४९) प्रसिद्ध झाला. तोंडी चालत आलेले डाव व हात आकृत्यांसह कागदावर उतरविण्याचा मराठीतील तो सर्वांत मोठा प्रयत्न होय.

शस्त्रे : मर्दानी खेळांचा आरंभ लाठीपासून होतो व पुष्कळांच्या बाबतीत तो तेथेच थांबतो. लाठी भरीव वेळूची, साधारणतः खेळणाऱ्याच्या कानाइतक्या उंचीची असते. तिला तेल पाजून चिवट करतात. ती एका हाताने, दोन्ही हातांनी, पाठीमागून व पायाखालून अशा अनेक रीतींनी फिरवितात. नवशिक्याला हे केवळ मनगटाचे काम वाटते, परंतु काठी फिरते ती कमरेच्या व पावलांच्या बळावर. फिरणाऱ्या काठीचे वर्तुळ कोठेही तुटता कामा नये, कारण जेथे ते तुटते तेथेच वार आत येतो. बनेटीच्या दोन्ही टोकांस गोळे किंवा पेटते पलिते असतात. अंधारात ती फिरू लागली म्हणजे अग्नीची चक्रे दिसतात व प्रेक्षकांना या खेळाचे सर्वाधिक आकर्षण तिचेच असते. लढाईच्या दृष्टीने तिचे स्थान दुय्यम मानावे लागेल.

दांडपट्टा हे या परंपरेचे सर्वांत वैशिष्ट्यपूर्ण शस्त्र. त्याचे पाते सरळ, लवचीक, दुधारी व सु. एक मीटर लांबीचे असते; काही जुनी पाती युरोपातून आयात केलेली आढळतात. मुठीच्या जागी मनगटापासून कोपराच्या जवळपास पोहोचणारा लोखंडी खोबळा असतो व त्याच्या आत आडवी मूठ धरावयाची असते. या रचनेचा परिणाम समजून घेतल्याशिवाय पट्ट्याची चाल उमगत नाही. तलवारीत मनगट मोकळे असते, त्यामुळे ती हाताच्या लहान हालचालीनेही दिशा बदलू शकते. पट्ट्यात मनगट बंद असते. पाते जणू हाताचे हाडच लांब होऊन पुढे आले आहे, अशी स्थिती होते. म्हणून वार कोपरातून, खांद्यातून व अखेरीस सबंध शरीराच्या वळण्यातून निघतो. एकदा निघालेला वार थांबविता येत नाही, तो पुढच्या वारात वळवावा लागतो. पट्टेकरी सतत गिरक्या घेताना, बसकण मारताना व उसळताना दिसतो, ते यामुळेच. अनेकांनी वेढलेल्या एकट्या माणसाला हे शस्त्र उपकारक ठरते. अरुंद जागी किंवा मित्रांच्या गर्दीत मात्र ते शत्रूइतकेच स्वकीयांनाही घातक असते. दोन्ही हातांत पट्टे घेऊन खेळणारे निष्णात थोडेच असतात.

जमिनीवर निजलेल्या माणसाच्या पोटावर वा तळहातावर ठेवलेले लिंबू पट्ट्याने कापण्याचे प्रात्यक्षिक प्रसिद्ध आहे. त्यात कापण्याला फारसे महत्त्व नाही. लिंबू कोणासही कापता येते. वेगात आलेले लवचीक पाते कातडीच्या वर नेमके किती अंतरावर राहील, याचा अंदाज ही खरी परीक्षा असते. जुने वस्ताद हे प्रात्यक्षिक शिष्याला वर्षानुवर्षे करू देत नसत.

फरी म्हणजे लहान ढाल व गदगा म्हणजे चामडे चढविलेली काठी. फरीगदगा ही तलवारबाजीची पूर्वतयारी असून तीत दोघे समोरासमोर उभे राहून प्रत्यक्ष वार करतात व अडवितात. डोके, गाल, खांदा, कमर, गुडघा अशी वाराची ठिकाणे ठरलेली असतात व ‘शिर’, ‘तमाचा’, ‘बाहेरा’ यांसारख्या नावांनी वार ओळखले जातात. बोथाटी म्हणजे टोकाला कापडाचा वा चामड्याचा गोळा बांधून बोथट केलेला लांब भाला. घोडेस्वारांच्या सरावासाठी त्याचा उपयोग होई. घोडा ही सर्वसामान्यांच्या आवाक्याबाहेरची गोष्ट झाल्यावर बोथाटी मागे पडली. विटा हा मराठी बनावटीचा आखूड भाला. त्याला बांधलेल्या दोरीचे दुसरे टोक मनगटाशी असते, म्हणून फेकलेले शस्त्र परत ओढून घेता येते. माडू हरणाच्या दोन शिंगांची मुळे जोडून बनवितात. वार अडविणे व भोसकणे ही दोन्ही कामे तो करतो. जांबिया, कट्यार, बिचवा ही जवळच्या झटापटीची हत्यारे होत.

तत्त्वे व शिक्षण : पवित्रा हा या विद्येचा पाया. गुडघे किंचित वाकलेले, वजन दोन्ही पायांत वाटलेले, पाठ ताठ पण आखडलेली नाही, अशा स्थितीतून पाऊल कोणत्याही दिशेस चटकन पडू शकते. वस्ताद प्रथम शस्त्र हाती देतच नाही. जोर, बैठका, मुद्गल व रिकाम्या हाताने पावले टाकणे यांत पहिले काही महिने जातात. पावले चारी दिशांना तोंड करून टाकली जातात, कारण शत्रू समोरच असेल असे गृहीत धरावयाचे नसते. नजर शस्त्रावर न ठेवता समोरच्याच्या छातीवर व खांद्यावर ठेवावी, असे सांगतात; हाताच्या आधी खांदा हलतो व तोच वाराची बातमी देतो. हूल देण्याचे, म्हणजे खोटा वार दाखवून खरा दुसरीकडे करण्याचे शिक्षण या नजरेच्या शिक्षणानंतरच सार्थ होते. दम टिकविणे हे तितकेच महत्त्वाचे. तीन मिनिटे पट्टा फिरविणाऱ्याचा श्वास प्रथम सुटतो व हात मागाहून.

बिनोटात शस्त्र नसलेल्या माणसाने काठी, सुरी वा तलवार घेतलेल्यास कसे तोंड द्यावे, याचे डाव असतात. वाराच्या रेषेतून बाजूस सरणे, हल्लेखोराच्या अंगाशी इतके जवळ जाणे की त्याच्या लांब शस्त्राचा उपयोग संपावा, मनगट किंवा कोपर पिरगाळून शस्त्र सोडविणे, ही त्याची मुख्य अंगे. कुस्तीतील पकडींशी त्याचे नाते उघड आहे. परंतु कुस्तीत चीतपट हा शेवट असतो, तर बिनोटात समोरच्याचे शस्त्र आपल्या हाती येणे हा. मर्दानी खेळांच्या प्रकारांत हा आज सर्वांत दुर्मिळ झालेला भाग होय. मिरवणुकीत तो दिसत नाही, दिसला तरी दुरून कळत नाही. आणि जे दिसत नाही ते शिकवण्याचा उत्साहही हळूहळू मावळतो.

तालमीत प्रवेश करताना उंबरठ्याला व मातीला नमस्कार, मारुतीपुढे वाकणे, शस्त्र उचलण्यापूर्वी त्यास वंदन, शस्त्र न ओलांडणे हे संकेत अजून पाळले जातात. वस्ताद पूर्वी शुल्क घेत नसे. शिष्य तालमीची माती उकरणे, तेल-ताक घालून ती मळणे, पाणी भरणे ही कामे करीत. शिष्याचा स्वभाव वस्तादाच्या नजरेखालून जाण्याची ती सोय होती. तापट मुलाला काही हात शिकविलेच जात नसत. या गुप्ततेची दुसरी बाजूही ध्यानात घ्यावयास हवी : वस्तादाबरोबर कित्येक डाव कायमचे गेले.

ओकिनावातील तुलना : शस्त्रबंदी व परसत्ता यांच्या छायेत टिकलेल्या युद्धकलेचे जगातील सर्वांत प्रसिद्ध उदाहरण ओकिनावाच्या कराटेचे आहे व मर्दानी खेळांच्या वाटचालीवर ते प्रकाश टाकते. ओकिनावा हे जपानच्या दक्षिणेकडील रिउक्यू द्वीपसमूहातील मुख्य बेट. या स्वतंत्र राज्याचे चीनशी १३७२ पासून मांडलिकीचे व व्यापाराचे संबंध होते आणि चिनी मुष्टियुद्धाचे ज्ञान त्या मार्गाने तेथे पोहोचून स्थानिक ‘ते’ (शब्दशः हात) या कलेत मिसळले. १६०९ मध्ये जपानमधील सात्सुमाच्या सरदारांनी राज्य जिंकले व १८७९ मध्ये ते जपानी साम्राज्यात विलीन झाले. हत्यारे हिरावल्यामुळे शेतकऱ्यांनी रिकाम्या हाताची कला शोधली, ही कथा लोकप्रिय असली, तरी अभ्यासक आता ती जशीच्या तशी स्वीकारत नाहीत. नावानिशी माहीत असलेले जुने आचार्य बहुतेक शुरी या राजधानीतील राजसेवक उच्चवर्गातील होते. बोधिधर्म या भारतीय भिक्षूने ही विद्या चीनमध्ये नेली, या आपल्याकडे आवडीने सांगितल्या जाणाऱ्या कथेलाही ऐतिहासिक आधार नाही.

शुरी, नाहा व तोमारी या तीन वस्त्यांच्या नावांवरून कराटेचे जुने प्रवाह ओळखले जातात. त्यांचा गाभा ‘काता’ हा. काता म्हणजे ठरलेल्या क्रमाने, एकट्याने करावयाची वार, अडवणूक व पावले यांची मालिका. प्रत्येक हालचालीमागे जोडीदारावर करावयाची एक प्रत्यक्ष युक्ती असते. काता पाठ असणे म्हणजे पुस्तक जवळ असणे आणि तिचा जोडीने उलगडा करणे म्हणजे ते वाचणे, असे म्हणता येईल. गवताची दोरी गुंडाळलेल्या खांबावर (माकिवारा) ठोसे मारून मुठी कणखर केल्या जातात. दगड बसविलेला दांडा फिरवून मनगटे कमावतात, तो आपल्या मुद्गलाचा भाऊच शोभावा. काठी, साई, तोन्फा, विळा इत्यादींची वेगळी शस्त्रशाखाही, कोबुदो, तेथे जोपासली गेली.

कराटेचे भवितव्य बदलले ते शाळेमुळे. इतोसू आन्को (१८३१–१९१५) यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी ती ओकिनावाच्या शाळांत नेली, विद्यार्थ्यांसाठी सोप्या काता रचल्या आणि १९०८ मध्ये तिची तत्त्वे दहा कलमांत लिहून काढली. कराटेचा हेतू केवळ स्पर्धकास हरविणे नसून शरीर घडविणे हा आहे व तिचा वापर टाळावा, असे त्यांनी बजावले. फुनाकोशी गिचिन (१८६८–१९५७) यांनी १९२२ मध्ये टोकिओत प्रात्यक्षिक केले. मियागी चोजून (१८८८–१९५३) यांनी नाहाच्या परंपरेस गोजू-र्‍यू हे नाव देऊन शिक्षणाची पायरीवार पद्धत बसविली. २५ ऑक्टोबर १९३६ रोजी नाहा येथे आचार्यांच्या बैठकीत ‘चिनी हात’ असा अर्थ होणारी जुनी चिन्हे टाकून ‘रिकामा हात’ ही चिन्हे नावासाठी स्वीकारण्यात आली. जपानी राष्ट्रवादाचा तो काळ होता, ही गोष्ट या नामांतरामागे विसरता येत नाही. शाळेसाठी सोपी केलेली कराटे मुळापासून दुरावली, अशी तक्रार ओकिनावातही तेव्हापासून आहे. परंतु तेथे जुन्या काता जशाच्या तशा जपणारे घराणेदार आचार्यही राहिले, त्यामुळे दुरावलेले पुन्हा शोधण्यास जागा उरली. २०२१ मध्ये भरलेल्या टोकिओ ऑलिंपिकमध्ये काता प्रकारात पुरुषांचे सुवर्णपदक ओकिनावाच्याच किउना रिओ याने जिंकले. पुढील पॅरिसच्या स्पर्धांत (२०२४) कराटेचा समावेश नव्हता.

महाराष्ट्रात याच दशकांत जवळजवळ तसाच प्रयत्न बडोदे व अमरावती येथे झाला, हे वर आलेच आहे. लाठी व लेझीम शाळांत गेली. लेझीम हे मुळात लोखंडी साखळी लावलेले, धनुर्धराचा दंड कमावण्याचे सरावाचे धनुष्य. आज ती प्रजासत्ताक दिनी मुली झांजांच्या आवाजात फिरवतात व तिचा धनुष्याशी असलेला संबंध कोणाच्या ध्यानीही येत नाही. फरक पडला तो असा : ओकिनावात शाळेबरोबर कातांचा निश्चित पाठ, पायरीवार अभ्यासक्रम व घराण्यांची नोंद आली. आपल्याकडे सांघिक कवायत आली, पण दांडपट्टा, फरीगदगा व बिनोट यांचा सर्वमान्य पाठ ठरला नाही. वस्तादागणिक हातांची नावे व क्रम बदलतात. विविधता म्हणून हे स्वागतार्ह असले, तरी एका वस्तादाचे काम दुसऱ्याने पुढे नेण्यात त्यामुळे अडचण येते.

तालमीबाहेरची परंपरा : शस्त्रविद्या म्हटली की तालीम असे समीकरण मनात असले, तरी सातपुड्यात ते लागू पडत नाही. नंदुरबार जिल्ह्याच्या अक्कलकुवा तालुक्यातील काठी हे पूर्वी खानदेशातील मेहवासी जहागिरींपैकी एकीचे ठिकाण होते व तेथील राजवाडी होळी दूरवर प्रसिद्ध आहे. या डोंगरपट्ट्यातील भिल्ल समाजाचे शस्त्र धनुष्यबाण. ते शिकविणारा वस्ताद नसतो व त्याला हौदाही लागत नाही. मुलगा लहान धनुष्याने सरडे-पाखरे टिपत बापाबरोबर रानात फिरतो व शिकतो. इंग्रजांनी १८२५ मध्ये खानदेशात भिल्ल पलटण उभारून या कौशल्याला सरकारी शिस्तीत आणले, पण रानातील धनुष्य तसेच राहिले. पिकाची राखण, शिकार व सण यांच्याशी ते जोडलेले असल्यामुळे त्याला प्रात्यक्षिकाचा आधार घ्यावा लागला नाही. जंगल व शिकार यांवर निर्बंध आल्यावर मात्र त्याची रोजची गरज ओसरली आहे आणि मैदानी शस्त्रांपुढे शतकापूर्वी उभा राहिलेला प्रश्नच आता त्याच्यापुढे उभा आहे.

सद्यःस्थिती : कोल्हापूर व परिसरातील पथके शिवजयंती, गणेशोत्सव, दसरा व ६ जून रोजी रायगडावर साजरा होणारा शिवराज्याभिषेक दिन या प्रसंगी मर्दानी खेळ सादर करतात. गेल्या काही दशकांत मुलींचा सहभाग लक्षणीय वाढला असून ‘मर्दानी’ या नावाचा शब्दशः अर्थ त्यांनी मागे टाकला आहे. १९७० नंतर चित्रपटांच्या प्रभावाने शहरोशहरी कराटेचे वर्ग निघाले. पांढरा पोशाख, रंगीत पट्टे व परीक्षा यांमुळे पालकांना त्यात मुलाची प्रगती दिसते. दांडपट्ट्याच्या शिक्षणात असे दिसण्याजोगे टप्पे नाहीत. १९५९ च्या शस्त्र अधिनियमामुळे धारदार पात्यांच्या वापरावर मर्यादा असून प्रात्यक्षिकांतील पाती बहुधा बोथट असतात.

जून २०२२ मध्ये हरियाणात झालेल्या खेलो इंडिया युवा क्रीडास्पर्धांत पंजाबचा गतका, मणिपूरचे थांग-ता, केरळचे कळरीपयट्टू व महाराष्ट्राशी निगडित मल्लखांब या देशी प्रकारांना स्थान मिळाले. मर्दानी खेळ त्यांत नव्हते. गतका हा फरीगदग्याचा सख्खा शेजारी आहे, हे लक्षात घेता ही अनुपस्थिती ठळकपणे जाणवते. तिचे कारण कौशल्याच्या अभावात शोधण्यापेक्षा गुणांकनाचे नियम, वजनगट व सर्वमान्य पाठ यांच्या अभावात शोधणे अधिक योग्य ठरेल. स्पर्धेने जोडीचा सराव परत येईल, असे काही वस्ताद मानतात. सुरक्षिततेसाठी केलेल्या नियमांनी वारांची ठिकाणे कमी होऊन उरलेलीच विद्या शिकविली जाईल, असे दुसऱ्यांना वाटते. तूर्त फरीगदग्याची जोड खेळणाऱ्या तालमी मोजक्या आहेत. बहुतेक पथकांत नवा मुलगा पहिल्याच वर्षी बनेटी फिरवू लागतो.